दारूबंदीच्या जिल्ह्यात रेड वाइनचे रसग्रहण

उत्तम रेड वाइनचा स्वभाव चित्रातून कसा दाखवावा, या प्रश्नाचा आजवरचा विचार बहुतेक अशाच मंडळींनी केलेला आहे की ज्यांच्या हाताशी वाइन होती, आणि त्या विचारातला मोठा दोष नेमका हाच आहे. पेला समोर असला की चित्रकार पेला काढतो, पेल्यात लाल रंग भरतो, शेजारी द्राक्षांचा घोस व चीजचा तुकडा मांडतो आणि काम झाले असे समजून उरलेला वेळ पेल्याकडे वळवतो. वाइनचा स्वभाव बिचारा बाटलीतच राहतो. वस्तुतः वाइनचे चित्र काढण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्यांत वाइनची गरज सर्वांत कमी असते. हे सिद्ध करायचे तर असे ठिकाण हवे, की जेथे वाइन कायद्यानेच मिळत नाही, पण तिच्या रंगाचा आणि तिच्यावरून दिलेल्या उपमांचा अभ्यास मात्र परीक्षेपुरता तरी करावाच लागतो. वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) हे असे ठिकाण आहे.

गावाच्या नावातील कंस परक्याला छपाईचा प्रमाद वाटतो. परंतु वर्ध्याच्या भोवती सिंदी, बोरगाव, उमरी, सावंगी अशा गावांच्या नावांना (मेघे) हे शेपूट रीतसर जोडलेले असते, आणि विदर्भात सावंग्या इतक्या आहेत की कंस गाळला तर पत्र भलत्याच तालुक्याची हवा खाऊन परत येईल. या गावात १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, आणि पाहता पाहता गावाचा व्यवहार एप्रन, जर्नल, मेस आणि झेरॉक्स या चार खांबांवर स्थिरावला. दुसरीकडे, गांधीजी १९३६ साली ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले ते गाव याच जिल्ह्यातले असल्यामुळे १९७०च्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बंदी आहे म्हणून दारू नाही, असे कोणताही वर्धेकर शपथेवर सांगणार नाही. पण जी मिळते ती गावठी, बहुधा बिनरंगाची, प्लॅस्टिकच्या कॅनमधून किंवा पन्नीतून येणारी असते. तिला लेबल नसते, तिचे वय वर्षांत नव्हे तर तासांत मोजावे लागते, आणि तिचा स्वभाव चित्रातून व्यक्त करण्याची गरजही कुणाला भासत नाही, कारण तो पिणाऱ्याच्या चालण्यातून पुरेसा व्यक्त झालेला असतो.

राज्य सरकारने २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचे ठरवले तेव्हा वाइन ही दारू की शेतमाल, यावर महाराष्ट्रभर जोरदार खल झाला. त्यातून वाइनविषयी कुणाच्या ज्ञानात भर पडली नाही, मत मात्र प्रत्येकाचे तयार झाले. दारूबंदीच्या जिल्ह्यांना तो निर्णय लागू होणार नव्हताच, त्यामुळे सावंगीकरांना या वादात निव्वळ प्रेक्षक म्हणून, संपूर्ण निःस्वार्थ बुद्धीने भाग घेता आला.

वाइनचा स्वभाव म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. जाणकार तो चार अंगांनी सांगतात: रंग, गंध, तोंडात जाणवणारा भार, ज्याला ते ‘बॉडी’ म्हणतात, आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली व बिया यांतून उतरणारा, कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळून धरतो तसा तुरटपणा. यांपैकी चित्रकाराच्या हाती थेट सापडतो तो फक्त रंग. द्राक्ष काळे असले तरी त्याचा रस बहुतेक जातींत फिकाच निघतो. लाली येते ती सालीतील अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांतून, आणि म्हणून रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. वाइन कोवळी असताना तिच्या काठाला जांभळी झाक असते. पुढे ही रंगद्रव्ये टॅनिनशी जोडली जातात, काही जड होऊन तळाशी बसतात, आणि रंग जांभळ्यावरून माणकाचा, माणकावरून विटेचा आणि शेवटी तपकिरी होतो. जाणकार मनुष्य पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून काठाकडे टक लावून पाहतो तेव्हा तो ध्यान करीत नसतो, वाइनचे वय वाचत असतो. याच कुळातली रंगद्रव्ये जांभळात आहेत आणि अंबाडीच्या लाल बोंडांतही आहेत, त्यामुळे विदर्भातल्या घरांत होणारे अंबाडीचे सरबत हे, निदान दृश्यकलेच्या हिशेबाने, रेड वाइनचे चुलत भावंड ठरते; ते उंच दांड्याच्या काचेच्या पेल्यात ओतून त्याचा फोटो काढला तर उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकालाही क्षणभर थांबून विचार करावा लागेल.

काही चित्रकार तर सरळ वाइनमध्येच कुंचला बुडवून चित्र काढतात. हवेतील प्राणवायूने ते चित्रही हळूहळू तपकिरी पडत जाते, म्हणजे चित्र विषयाशी प्रामाणिक राहते आणि गिऱ्हाईक चित्रकाराशी भांडते.

रंगाला एवढा मान देण्यात केवळ चित्रकारांचा स्वार्थ नाही. फ्रान्समधील बोर्दो हा रेड वाइनसाठी सर्वांत नावाजलेला प्रदेश. तेथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. या विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी व एक लाल वाइन देऊन त्यांच्या गंधाला विशेषणे द्यायला सांगितले. पुढच्या खेपेला पुन्हा एक पांढरा व एक लाल पेला समोर ठेवला, पण या वेळी दोन्ही पेल्यांत तीच पांढरी वाइन होती, फक्त एकात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. रंगवलेल्या पांढरीला विद्यार्थ्यांनी लाल वाइनची विशेषणे बहाल केली. कचेरीत साहेबाच्या मताला मान डोलावणाऱ्या माणसाला होयबा म्हणतात. शरीरात ते पद नाकाकडे असल्याचे या प्रयोगाने दाखवून दिले. वाइनचा निम्मा स्वभाव जर डोळ्यातच घडत असेल, तर ज्याने ती कधी प्यायलीच नाही त्याच्या पदरात निम्मा अभ्यासक्रम आपोआप पडतो.

न चाखलेल्या पदार्थाचे वर्णन करता येत नाही, हा आक्षेप तर सावंगीत मुळीच टिकत नाही, कारण येथील वैद्यकीय विद्यार्थी न पाहिलेल्या पदार्थांच्या उपमांवरच परीक्षा काढत असतो. आधुनिक वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांचा पाया ज्यांनी घातला त्या युरोपीय डॉक्टरांना विकृतींची वर्णने लिहिताना सपाटून भूक लागलेली असावी. अमीबामुळे यकृतात गळू झाले तर त्यातला पू ‘अँचोव्ही सॉस’सारखा असतो, आणि अँचोव्ही हा एक बोटभर लांबीचा, खारवून मुरवलेला समुद्रमासा असतो. यकृतात रक्त तुंबून राहिले तर ते कापलेल्या जायफळासारखे दिसते. आतड्यात आतडे शिरले तर बाळाची शी ‘रेडकरंट जेली’सारखी होते. स्कार्लेट फीव्हरमध्ये जीभ स्ट्रॉबेरीसारखी होते, आणि एका आनुवंशिक विकारात अंगावर उठणारे डाग फ्रेंच पद्धतीने दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे असतात. या सबंध मेजवानीत घरचे म्हणावेत असे पदार्थ मोजकेच: प्लीहेत अमिलॉइड नावाचे प्रथिन दाण्यादाण्यांनी साठले की ती साबुदाण्यासारखी दिसते, आणि कॉलऱ्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतात. देवळीहून किंवा आर्वीहून आलेल्या मुलाने अँचोव्ही बापजन्मात पाहिलेला नसतो, मग त्याचा सॉस तर दूरच. तरीही उत्तरपत्रिकेत तो वाढला नाही तर अर्धा गुण जातो, म्हणून तो बिनदिक्कत वाढतो. गंमत म्हणजे परीक्षकानेही तो पाहिलेला नसतो, आणि या परस्पर विश्वासावर वैद्यकीय शिक्षण निर्वेध चालते.

या यादीचा मुकुटमणी ‘पोर्टवाइन स्टेन’ हा आहे. पोर्ट ही पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातील वाइन. ती आंबत असताना मध्येच द्राक्षांपासून काढलेला कडक अर्क घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे तिच्यात गोडीही राहते आणि कडकपणाही येतो. गोव्यात पोर्तुगीजांमागे ती नावाने आणि गोडीने राहून गेली, आणि सहलीहून परतणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांना वाइनची पहिली व अखेरची ओळख याच गोड बाटलीने करून दिली. पोर्टवाइन स्टेन म्हणजे त्वचेतील केशवाहिन्या जन्मतःच रुंदावलेल्या असल्यामुळे, बहुधा चेहऱ्याच्या एका बाजूला दिसणारा तांबडा-जांभळा डाग. शिवाय पॉर्फिरिया या विकारात लघवी उजेडात ठेवली असता तिलाही हाच रंग चढतो. तात्पर्य, ज्या जिल्ह्यात पोर्टवाइनची बाटली पिशवीत सापडली तर गुन्हा नोंदला जातो, त्याच जिल्ह्यात पोर्टवाइनचा रंग सांगता आला नाही तर विद्यार्थी नापास होऊ शकतो, आणि विनोबांच्या नावाच्या रुग्णालयात केसपेपरवर भरदिवसा ‘पोर्टवाइन’ असे लिहिले गेले तरी त्यावर कुणी छापा घालू शकत नाही.

ही उपमा रंगापुरती खरी असली तरी काळाच्या बाबतीत उलटी आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे. डाग बाळपणी गुलाबी असतो आणि वयाबरोबर गडद जांभळा होत जातो. वाइन जांभळी जन्मते आणि वयाबरोबर फिकी, विटकरी होत जाते. दोन्हींचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले असते तर हा विरोध ध्यानात आला असता, परंतु ही उपमा ज्या डॉक्टरसाहेबांना सुचली त्यांनी डागाचे निरीक्षण दीर्घकाळ केले असले तरी बाटली तेवढी वर्षे टिकू दिली नसावी.

चित्रकलेचा संबंध येथे केवळ उपमांपुरताही नाही. वैद्यकाच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीचे, म्हणजे शरीरातील ऊतींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या विषयाचे, एक जर्नल भरावे लागते. काचपट्टीवरचे काप बहुधा दोन रंगांनी रंगवलेले असतात: हिमॅटॉक्सिलिन, जे पेशींच्या केंद्रकांना निळसर जांभळे करते, आणि इओसिन, जे उरलेला भाग गुलाबी करते. म्हणून जर्नलमधल्या आकृत्याही दोनच रंगांत काढायच्या, आणि त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात ‘एच अँड ई’ असे म्हटले की दुकानदार अधिक विचारणा न करता एक गुलाबी व एक जांभळी पेन्सिल पुढे करतो. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता विद्यार्थी यकृताची आकृती रंगवायला घेतो. आधी गुलाबी पेन्सिल आडवी धरून तो पानभर फिरवतो, मग जांभळीला टोक काढून एकेक केंद्रक देत जातो. शंभराच्या आसपास केंद्रके झाली की डोळे मिटू लागतात, हात घसरतो, आणि गुलाबीवर जांभळा चढून मध्ये गडद व काठाला पातळ होत गेलेला असा एक डाग कागदावर उमटतो, की बोर्दोच्या कोवळ्या वाइनचे याहून नेमके चित्र फ्रान्सातही निघणे कठीण. तो नेमका यकृताच्याच आकृतीवर उमटावा, यात नियतीची विनोदबुद्धी दिसते. जर्नल तपासणारे सर त्याखाली लाल शाईने ‘रिपीट’ असा शेरा मारतात. जिल्ह्यात कलासमीक्षा कशी मागे पडली आहे याचा हा पुरावा होय.

चाखण्याच्या बाबतीतही सावंगी अगदीच निराधार नाही. जवळच सालोड (हिरापूर) येथे, येथेही कंस आहेच, आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि आयुर्वेदातील आसव-अरिष्ट या वर्गात, म्हणजे रस किंवा काढा गूळ वा साखर घालून आंबवलेल्या औषधांत, द्राक्षासव व द्राक्षारिष्ट यांचे स्थान जुने आहे. त्यात धायटीची फुले टाकून भांड्याचे तोंड बंद करून ठेवले की मद्यार्क आपोआप तयार होतो. हा मद्यार्क ‘स्वयंजनित’ असल्याचे बाटलीवर छापलेले असते, म्हणजे तो कुणी घातलेला नसून स्वतःच्या जबाबदारीवर आलेला आहे. वाइनमधला मद्यार्कही तंतोतंत याच रीतीने स्वयंजनित असतो, परंतु तिला ही सबब कुणी मांडू देत नाही. वास्तविक महाराष्ट्रात इतरत्र मद्यपानासाठी जो परवाना कायद्याने लागतो तोही आरोग्याच्या जतनासाठीच दिला जातो. तेव्हा कागदोपत्री पाहता राज्यातला प्रत्येक परवानाधारक मद्यपी हा मूळचा रुग्णच आहे.

द्राक्षारिष्टात मनुकांच्या काढ्याबरोबर दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरे, पिंपळी, वावडिंग अशी द्रव्ये पडतात. आता शिराझ या जातीच्या रेड वाइनची वर्णने उघडून पाहावीत, तर तिच्यातही जाणकारांना मिऱ्यांचा वास येतो, आणि तिच्यात तर कुणी मिरे घातलेले नसतात. पुष्कळांना हा कविकल्पनेचा प्रकार वाटे. पण २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी रोटंडोन नावाच्या द्रव्याचा छडा लावला, जे मिऱ्यांत असते आणि शिराझमध्येही असते. म्हणजे शिराझमध्ये मिरे न घालता मिरे लागतात म्हणून तिच्यावर परिच्छेद लिहिले जातात, आणि द्राक्षारिष्टात मोजून मिरे घातले तरी त्याच्या वाट्याला येते ती ‘दोन चमचे, समभाग पाण्यातून, जेवणानंतर’ एवढीच समीक्षा. बाटली तपकिरी, झाकण म्हणजेच माप, लेबलावर हिरव्या पानासकट द्राक्षांचा घोस, आणि तोही इतका सुडौल की कोणत्याही वेलीने तसा अजून धरलेला नाही, त्याखाली बॅच क्रमांक आणि ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवावी’ अशी सूचना. जुनी रेड वाइन ओतताना तळाचा गाळ हलू नये म्हणून श्वास रोखून बाटली कलती करतात. एकाच द्राक्षाच्या या दोन वंशजांत खरा फरक हा, की एकाचा गाळ मुद्दाम हलवून घ्यायचा असतो आणि दुसरीचा हलला तर पाहुण्यांची क्षमा मागावी लागते.

लेबलाची ही कला जिथे शिखराला पोचली ते ठिकाण म्हणजे बोर्दोमधील शातो मूताँ रोथशिल्ड हा वाइनमळा. तेथील बॅरन फिलिप यांनी १९२४ साली जाहिरात-चित्रकार ज्याँ कार्लू यांच्याकडून पहिले लेबल करून घेतले, आणि १९४५पासून दर वर्षीच्या वाइनसाठी एका चित्रकाराला बोलावण्याचा परिपाठ पडला. ब्राक, दाली, मिरो, शागाल, वॉरहॉल अशी नावे त्या यादीत आहेत, आणि मोबदला पैशांत नव्हे तर वाइनच्या पेट्यांत दिला जातो. वर्धा जिल्ह्यातल्या चित्रकाराला हे काम मिळाले तर मानधन घरी आणण्यासाठीच वकील द्यावा लागेल.

या लेबलांचा बारकाईने विचार केला तर चित्राला वाइन लागत नाही, हे तत्त्व खुद्द फ्रान्समध्येच सिद्ध होते. १९७३ सालच्या लेबलावर पिकासोचे मद्योत्सवाचे चित्र आहे. ते चित्र १९५९चे. म्हणजे ज्या द्राक्षांची ती वाइन आहे ती वेलीवर धरण्याच्या चौदा वर्षे आधी तिचे चित्र तयार होते. पिकासो १९७३च्या एप्रिलमध्ये वारला, द्राक्षे शरद ऋतूत तोडली गेली, त्यामुळे चित्रकार व वाइन यांची गाठ पडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. बोर्दोचे ते वर्ष वाइनच्या दृष्टीने सुमारच होते, पण मूताँला त्याच वर्षी पहिल्या दर्जाच्या यादीत बढती मिळाली आणि वर पिकासो, त्यामुळे लोक ती बाटली जपून ठेवतात. २०१३ हे असेच दुसरे पडते वर्ष. त्या वर्षीचे लेबल कोरियात जन्मलेल्या ली उफान यांचे. त्यात जांभळ्या-लाल रंगाचा एकच फराटा फिक्यापासून गडदापर्यंत चढत जातो आणि वाइन काळाबरोबर कशी भरत जाते हे त्यातून सुचवलेले आहे. वाइन तितकी भरेल की नाही याची खात्री नसली तरी फराटा निर्विवादपणे भरलेला आहे. पाऊस वेळी-अवेळी पडला तर द्राक्ष बिघडते, लेबल बिघडत नाही, आणि शेतकऱ्यापेक्षा चित्रकार सुखी का असतो याचे उत्तर येथेच मिळते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या मालिकेत लक्षणीय लेबल २००९चे आहे, कारण ते १९५४ साली मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे. लाल रंगावर या शिल्पकाराचा जुना हक्क. ‘माय रेड होमलँड’ या २००३च्या कलाकृतीत त्यांनी कित्येक टन लाल मेण एका मोठ्या फिरत्या दांड्याखाली अखंड घुसळत ठेवले आहे. अशा माणसाला लेबलाचा तळहाताएवढा कागद देणे म्हणजे अन्याय होता. परंतु त्यांनी त्यावर ना पेला काढला, ना घोस, ना मूताँचे बोधचिन्ह असलेला मेंढा. लाल रंगालाच तोंड उघडू दिले. वाइनच्या स्वभावाला थेट हात घालणारी जी थोडी लेबले आहेत त्यांत याची गणना करावी लागेल.

महाराष्ट्रात वाइनचे लेबल अजून एवढे अमूर्त झालेले नाही. नाशिकला राजीव सामंत यांनी काढलेल्या ‘सुला’ला त्यांच्या आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून नाव मिळाले आणि बोधचिन्ह म्हणून मिशा असलेला सूर्य मिळाला. नाव आईचे आणि मिशा सूर्याला, यात कुटुंबसंस्थेचा समतोल साधला गेला आहे. त्यातून आतल्या वाइनच्या टॅनिनबद्दल काही कळत नाही, पण द्राक्षाला ऊन लागते आणि महाराष्ट्राला मिशी, हे कळते.

खरे तर या प्रश्नाचे उत्तर दख्खनमध्ये फार पूर्वीच दिले गेले आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दख्खनच्या सुलतानांच्या मुलखात रागमाला रंगवल्या गेल्या. रागमाला म्हणजे प्रत्येक राग-रागिणीला एक व्यक्ती, एक ऋतू व एक प्रसंग देऊन केलेली चित्रांची माळ. हिंदोल असेल तर झोपाळा, तोडी असेल तर वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणे. कानाच्या विषयाला जर चेहरा देता येतो तर जिभेच्या विषयाला का देता येऊ नये? सावंगीत वाइनमाला काढायची तर शिराझसाठी नागपुरी सावजी भोजनालयाचा मालक पुरेसा आहे: रंग गडद, बोलणे तिखट, पहिल्या भेटीत घाम फोडणारा आणि दुसऱ्या भेटीची ओढ लावणारा. कॅबरने सोव्हिन्याँ ही बोर्दोची मातब्बर जात. तिच्यात टॅनिन उदंड, तरुणपणी ती कुणालाच जवळ करत नाही आणि दहापंधरा वर्षे लोटल्यावर अचानक प्रसन्न होते. तिच्या जागी बाहेरगावचा प्रॅक्टिकल परीक्षक बसवावा. मागे भिंतीवर सांगाडा, पुढ्यात हिरवे कापड घातलेले टेबल, टेबलावर फॉर्मॅलिनच्या बरणीतले यकृत, आणि चेहऱ्यावर असा भाव की या मनुष्याने आजवर कुणाला पास केलेले नाही, पण निवृत्तीनंतर हाच ओसरीवर बसून सर्वांना प्रेमाने किस्से सांगेल. चित्र जांभळ्यात सुरू करावे आणि काठाशी विटकरीत सोडावे.

रंगांच्या बाबतीत भरताचे नाट्यशास्त्र हाताशी आहेच. त्यात प्रत्येक रसाला रंग नेमून दिलेला आहे: शृंगार श्याम, रौद्र लाल, करुण कपोताचा म्हणजे पारव्याचा करडा, भयानक काळा. पाश्चात्त्य समीक्षक रेड वाइनला सरसकट प्रणयाच्या खात्यात टाकतात, पण भरताच्या वर्णव्यवस्थेत लाल रंग रौद्राचा आहे. बाटली उघडताना शृंगार, ती अर्धी झाल्यावर रौद्र आणि घरी परतल्यावर करुण, असा क्रम वर्ध्यातल्या ज्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले त्यांना नाट्यशास्त्र न वाचता पाठ होता.

मद्याच्या चित्रांचे वर्ध्याशी काही नाते आहे काय, याचा शोध घेतला तर तो नको तितका जवळ येऊन थांबतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर परदेशी वेशातले, टोपी घातलेले पुरुष हातात पेला घेऊन निवांत बसलेले आहेत, आणि एके काळी तो इराणचा राजा व त्याची राणी असल्याचा तर्कही करण्यात आला होता. हे लेणे खोदले गेले त्या काळी तेथील लेण्यांना वाकाटक राजघराण्याच्या वाशीम शाखेचा आश्रय होता. आणि वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचे पवनार, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. त्याच पवनारला पुढे विनोबांचा आश्रम झाला. म्हणजे पेल्यांची चित्रे एका भाऊबंदाच्या राज्यात गेली आणि आश्रम दुसऱ्याच्या राजधानीत आला. वाटणी चोख झाली, असेच म्हणावे लागते. सेवाग्रामच्या बापू-कुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर जी उठावचित्रे केली त्यांत ताडाची झाडे आहेत. ताडाचा रस सकाळी नीरा असतो आणि उन्हे चढली की ताडी होतो, त्यामुळे ती झाडे नेमकी किती वाजताची आहेत हा प्रश्न कलेतिहासकाराने विचारू नये, हेच बरे.

मूताँच्या मालिकेतले १९९३चे लेबल या साऱ्या चर्चेला एक कायदेशीर बाजू देऊन जाते. बाल्थस या चित्रकाराने त्यासाठी एक निर्वस्त्र आकृतीचे रेखाचित्र दिले, त्यावर अमेरिकेत आक्षेप घेतला गेला, आणि तिकडे गेलेल्या बाटल्यांवर चित्राची जागा चक्क कोरी सोडण्यात आली. संग्राहक आता दोन्ही बाटल्या शोधत असतात. अमेरिकेने वाइन आत येऊ दिली आणि चित्र अडवले. वर्धा जिल्ह्यातली व्यवस्था याच्या बरोबर उलट आहे: चित्र कोणतेही चालते, वाइन कोणतीच चालत नाही. तेव्हा १९९३ची एखादी बाटली पुण्यामुंबईकडे रिकामी करून, लेबल शाबूत ठेवून, केवळ कलाकृती म्हणून सावंगीच्या एखाद्या घरात मांडली, आणि तिच्या तळाशी थोडा विटकरी गाळ राहून गेला, तर तो मुद्देमाल की चित्राचाच भाग, हे ठरवण्याचा अधिकार उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकाला आहे, आणि त्याच्या भरतीच्या परीक्षेत रंगशास्त्राचा पेपर अद्याप नाही.